अंत्यविधीचा खर्च आणि गावाचा वाटा

(चाकण औद्योगिक परिसरातील सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि शिक्षक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते एका कारखान्यातून कामगार कल्याण अधिकारी म्हणून निवृत्त झाले आहेत.)



लग्नातील उधळपट्टीवर बोलणे सोपे असते. ऐकणारे हसतात, बोलणाऱ्याला टाळ्या मिळतात आणि पुढच्या मुहूर्ताला सगळे पुन्हा त्याच मांडवात जेवायला बसतात. मर्तिकाच्या खर्चावर बोलणाऱ्याकडे मात्र लोक जरा संशयाने पाहतात. घरात माणूस गेलेला आणि हा हिशेब काय मांडतो, असे त्यांना वाटते. तरीही मी आज हिशेबच मांडणार आहे, आणि त्याची सुरुवात माझ्याच घरापासून करणार आहे.

माझ्या चुलत्यांची एक जुनी वही माझ्याजवळ आहे. खेड तालुक्यातील आमच्या गावी १९७९ साली आजोबा वारले, तेव्हाचा खर्च त्यांनी एका पानावर टिपून ठेवला आहे. मांजरपाट पाच वार, गाडगे, सुतळी, कापूर, बुक्का, दहाव्याच्या पिंडांचे साहित्य, आळंदीचे एस.टी. भाडे. बेरीज त्र्याहत्तर रुपये. या पानावर सरणाचा उल्लेखच नाही, कारण सरणाला पैसे पडले नव्हते. वाळलेली बाभूळ आमच्या बांधावरची होती. गोवऱ्या मात्र आळीतल्या घराघरांतून आल्या होत्या. तिरडीचे कळक भावकीतील एकाच्या बेटातले. त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही. शेजारून पिठलेभाकरी आली आणि आम्हां मुलांना शेजारच्या काकूंनी बळेच जेवू घातले. यांतले काहीही वहीत नाही, कारण गावाने जे दिले ते मांडून ठेवायची रीत नव्हती.

२०१४ साली वडील गेले. या खर्चाचा हिशेब मी स्वतः ठेवला. दहाव्याला हजार-बाराशे माणसांचे जेवण, मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक, प्रवचनकारांची बिदागी, चौकापासून घाटापर्यंत वडिलांच्या छायाचित्राचे फलक. पुढे वर्षश्राद्धाला कीर्तन आणि पुन्हा जेवण. दोन्ही मिळून पावणेतीन लाख रुपये झाले. त्यांतील एक लाख मी पतपेढीतून काढले. त्या काळात कारखान्यातल्या कामगारांना काटकसरीचे चार शब्द सांगणे हा माझ्या नोकरीचाच भाग होता, हे सांगताना आजही संकोच वाटतो.

या दोन बेरजा शेजारी शेजारी ठेवून महागाईचे गाणे गाण्याचा माझा हेतू नाही. पस्तीस वर्षांत रुपयाचे मोल बदलले, हे कोणालाही कळते. खरा फरक वहीच्या पानाबाहेर आहे. पूर्वी मृत्यू हे घराचे दुःख होते आणि मर्तिक हे गावाचे काम होते. आज माणसे गावभरची येतात, पूर्वीपेक्षा अधिकच येतात; काम आणि खर्च मात्र एकट्या घराचा झाला आहे. अंत्यविधी परवडेनासा होण्याचे मूळ मला या स्थलांतरात दिसते, केवळ लोकांच्या हौसेत नव्हे.

कुणब्याच्या कर्जाला त्याचे सणसमारंभच कारण आहेत, हा आरोप जुना आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथून दख्खनचे दंगे सुरू झाले, तेव्हा नेमलेल्या सरकारी आयोगाने या आरोपाचाही विचार केला आणि लग्नकार्यादी खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते, असा अभिप्राय नोंदवला. ऐपतीच्या मानाने हा खर्च मोठा असतो, पण तो वारंवार येत नाही, असे त्याचे म्हणणे होते. परकी सरकारच्या आयोगाला जे दिसले ते आपणही विसरू नये. दुःखात असलेल्या माणसाला उधळ्या म्हणून मोकळे होण्याने काही साधत नाही.

आपल्या पट्ट्यात हे कसे घडले ते थोडक्यात पाहू. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या गावांच्या शिवारांत मोटारींचे कारखाने आले. ज्यांच्या जमिनी गेल्या किंवा विकल्या गेल्या, त्यांतील काहींच्या हाती एकदम पैसा आला. त्या पैशाने गावाचे माप बदलले. एका घराने दहाव्याला दोन हजार पाने उठवली की दुसऱ्याला पाचशेवर थांबणे म्हणजे बापाचा अपमान केल्यासारखे वाटू लागले. माप ठरवणारी घरे थोडी. त्या मापाने मोजली जाणारी अनेक. अल्पभूधारक, रिक्षाचालक, ठेकेदारीवर काम करणारी मुले या सर्वांना त्याच घाटावर, त्याच पंक्तीसमोर उभे राहावे लागते.

दशक्रिया विधीचे स्वरूपही पालटले आहे. धर्मशास्त्राने दहाव्या दिवशी सांगितलेल्या कृत्यांना तासाभराचा वेळ आणि थोडे साहित्य पुरते. बाकीचा वेळ श्रद्धांजलीच्या भाषणांत जातो. कावळ्याला पिंड शिवण्याची घाई असते, पण पहिल्या रांगेतील मान्यवरांची यादी संपलेली नसते! मीही अशी भाषणे केली आहेत, म्हणून हे बोलण्याचा थोडा अधिकार मला असावा.

या सर्वाविरुद्ध बोलणारे आपल्याच मातीत होऊन गेले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि धार्मिक विधी साधेपणाने, मध्यस्थावाचून करण्याची वाट घालून दिली. त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त श्राद्धादी विषयांची परखड चर्चा आहे. आळंदीला धर्मशाळा बांधणाऱ्या गाडगे महाराजांनी तर ऋण काढून सण करू नका, तिथीच्या जेवणासाठी कर्जबाजारी होऊ नका, हे आयुष्यभर कीर्तनांतून सांगितले. आणि २०२० साली कोरोनाच्या साथीत अंत्ययात्रेला वीस माणसांची मर्यादा आली, तेव्हा ज्या घरांतील माणसे गेली त्यांचे दहावे घरच्या चार माणसांत झाले. त्या मृतांना कोणी अपमानित मानले काय? मानले नाही. पण निर्बंध उठले आणि मंडप परत आले. साधेपणा नाइलाजाने आला तर तो टिकत नाही, एवढा धडा त्यातून घ्यावयास हरकत नाही.

आतापर्यंत मी गावकऱ्यांविषयी बोललो. आपल्या गावांतून राहणाऱ्या ज्या माणसांना गावकरी म्हटले जात नाही, त्यांची गोष्ट याहून कठीण आहे. त्यांच्या घरी पंक्ती उठत नाहीत. त्यांचा खर्च रस्त्यावर होतो.

२०१६ साली आमच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत काम करणारा, लातूर जिल्ह्यातील एक तरुण भाड्याच्या खोलीत छातीत कळ येऊन गेला. बायको आणि दोन मुले गावी होती. खोलीतल्या सोबत्यांनी वर्गणी काढली. शव गावी न्यायचे, तर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. वाहनवाल्याने रीतीप्रमाणे जाण्यायेण्याचे दोन्ही भाडे सांगितले. साडेतेरा हजार रुपये. वर्गणी साडेआठ हजार जमली होती. उरलेले पाच हजार गावी पोहोचल्यावर त्याच्या पत्नीने गळ्यातले मणी गहाण ठेवून वाहनाच्या दारातच दिले. चार महिन्यांनी ती राहिलेला पगार मागायला आली, तेव्हा हे मला कळले. मी विचारले, राज्य कामगार विमा योजनेतून अंत्यविधीचे पैसे मिळाले का? असे काही पैसे असतात, हेच तिला ठाऊक नव्हते. मृत्यूची नोंदही कोठे झाली नव्हती. गावचे लोक म्हणाले, मृत्यू चाकणला झाला, नोंद तिकडे करा; इकडे तिला कोणी ओळखत नव्हते.

तिला सांगण्याचे काम ठेकेदार करील, असे मी गृहीत धरले होते. ठेकेदाराने ते माझे काम मानले असावे. आम्ही मुदतवाढीचा अर्ज केला, पैसे मिळालेही. पण तोवर गहाणाची मुदत उलटून मणी सावकाराकडे जमा झाले होते.

म्हणून काही गोष्टी मी तपशिलाने सांगतो. त्या कृपया लिहून घ्याव्यात. राज्य कामगार विमा योजनेखालील विमाधारक कामगार मरण पावला, तर अंत्यविधीच्या खर्चापोटी रक्कम मिळते. १९४८ च्या कायद्यातील ही तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ठेवण्यात आली आहे. माझ्या त्या कामगाराच्या वेळी कमाल रक्कम १०,००० रुपये होती; २०१९ साली ती १५,००० रुपये करण्यात आली. कुटुंबातील हयात असलेल्या ज्येष्ठ व्यक्तीने ही मागणी करावयाची असते. कामगाराला कुटुंब नसेल, किंवा मृत्यूसमयी तो कुटुंबासमवेत राहत नसेल, तर ज्याने प्रत्यक्ष खर्च केला त्याला तो मिळू शकतो. म्हणजे खोलीतल्या ज्या ओडिया किंवा बिहारी सोबत्याने वर्गणी काढून क्रियाकर्म पार पाडले, तोही हक्कदार ठरू शकतो. त्याने पावत्या मात्र जपून ठेवल्या पाहिजेत. मागणीची मुदत मृत्यूपासून तीन महिने. मुदतवाढ मिळू शकते, पण तिच्या भरवशावर राहू नये. आपल्या भागातील कामगारांना ही योजना चिंचवडच्या मोहननगरमधील रुग्णालयामुळे माहीत आहे. औषधाच्या पलीकडे तिच्यात काय आहे, ते फारच थोड्यांना माहीत असते.

बांधकाम मजुराची नोंद महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे असेल, तर तेथेही अंत्यविधीसाठी १०,००० रुपयांच्या साहाय्याची योजना आहे. तिला वयाची अट आहे, ती पाहून घ्यावी. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील कर्ता माणूस साठीच्या आत गेल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,००० रुपये आहेत. त्यासाठी तहसील कार्यालयाकडे जावे लागते. भविष्यनिर्वाह निधीच्या सभासदाच्या वारसाला १९७६ च्या ठेव संलग्न विमा योजनेतून याहून पुष्कळ मोठी रक्कम मिळू शकते. पण हे सर्व पैसे नंतरचे आहेत. पहिल्या दिवसाची गरज त्यांतून भागत नाही, हे आपण स्वतःशी प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

या सगळ्यांची किल्ली एकच, मृत्यूचा दाखला. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यू जेथे घडला तेथेच त्याची नोंद होते, मूळ गावी नव्हे. एकवीस दिवसांच्या आत कळवल्यास नोंदीला शुल्क नाही. शव लातूरला, नांदेडला किंवा गोरखपूरला रवाना होण्यापूर्वीच ही नोंद झाली, तर त्या बाईची एक फेरी, दोन दिवसांची मजुरी आणि तिकिटाचे पैसे वाचतात. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने खोलीवर जाऊन अर्धा तास खर्च केला, की हे घडू शकते. आणि देयक थकले म्हणून रुग्णालयाने मृतदेह अडवून ठेवू नये, हे राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली आलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत समाविष्ट आहे. रात्री अकरा वाजता रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या चार परप्रांतीय मुलांना हे कोण सांगणार? सरपंचाने तेथे जाऊन सांगितले तर ते ऐकले जाते, असा माझा अनुभव आहे.

आता स्मशानाविषयी. महानगरपालिकांच्या कायद्यात मृतांच्या अंत्यसंस्काराच्या जागांची व्यवस्था आणि बेवारस मृतदेहांची विल्हेवाट ही बंधनकारक कर्तव्ये आहेत. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या ग्रामसूचीतही स्मशान व दफनभूमी येते, आणि दहनभूमी-दफनभूमीच्या कामांसाठी २०१० पासून जनसुविधा योजनेचे विशेष अनुदान आहे. त्यातून शेड झाले, निवाराही झाला. पण शेड झाले म्हणजे सरण झाले नाही. एका दहनाला तीन-चारशे किलो लाकूड लागते. पूर्वी ते बांधावरून येई. आता बांध नाहीत, गोठे नाहीत आणि गोवऱ्याही विकत घ्याव्या लागतात. कोल्हापूरकरांनी यावर काढलेला मार्ग मला फार आवडतो. तेथील महानगरपालिका पंचगंगेच्या स्मशानभूमीत दहनासाठी पैसे घेत नाही. आणि होळीच्या दिवसांत कोल्हापूरचे नागरिक, तालीम मंडळे होळी लहान करून शेणी स्मशानाला दान देतात. घराघरांतून गोवऱ्या येण्याची आमच्या आळीची जी रीत होती, तिचेच हे शहरी रूप आहे. मुंबई महानगरपालिकाही दहनासाठी लाकूड विनामूल्य देते. चाकण पट्ट्यातील एखाद्या ग्रामपंचायतीला कारखान्यांकडून कर मिळतो. तिला वर्षाकाठी होणाऱ्या दहनांचे सरण पुरवणे अवघड नाही. लोखंडी जाळीचा सांगाडा बसवला, तर इंधनही कमी लागते. मुसलमान, ख्रिस्ती, लिंगायत बांधवांना कबर खोदणाऱ्याची मजुरी आणि जागा हा प्रश्न असतो. त्यांना सरणाच्या बरोबरीने साहाय्य मिळाले पाहिजे.

जागेचा प्रश्न आला, की आणखी एक गोष्ट बोलणे भाग आहे. अनेक गावांत आजही निरनिराळ्या जातींची स्मशाने वेगळी आहेत आणि परगावच्या भाडेकरूने कोठे जावे, याचे उत्तर कोणीच देत नाही. शव शेकडो किलोमीटर दूर नेण्यामागे आईबापांना अखेरचे दर्शन व्हावे ही ओढ असते, ती मी समजू शकतो. पण कित्येकदा कारण इतकेच असते की, येथे जाळू देतील की नाही, याची सोबत्यांना खात्री नसते. आमच्या हद्दीत राहणारा प्रत्येक माणूस आमच्या स्मशानाचा हक्कदार आहे, असा ठराव ग्रामसभेने केला आणि तो फलकावर लावला, तर त्याला खर्च येत नाही.

ठरावांचे बळ आपण पाहिले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवांचे कुंकू पुसण्याच्या, बांगड्या फोडण्याच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचा कित्ता गिरवण्यास सांगितले. राजस्थानने याउलट १९६० सालीच मृत्युभोजाला प्रतिबंध करणारा कायदा केला. त्यात नुकत्याबरोबर चाळिसाव्याचे जेवणही येते. माझा कल हेरवाडकडे आहे. मात्र एक सावधगिरी बाळगावी. जेवण घातले म्हणून दंड, न घातले म्हणून वाळीत, हे जातपंचायतींचे मार्ग आहेत आणि २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने असा बहिष्कार हा गुन्हा ठरवला आहे. ठरावाने कोणावर सक्ती करू नये. दहाव्याला ग्रामपंचायतीतर्फे चहापाण्यापलीकडे काही स्वीकारले जाणार नाही, पदाधिकारी भाषणे करणार नाहीत, टॉवेल-टोपी घेणार नाहीत, एवढे स्वतःवरचे बंधन पुरे आहे. ज्याला ऐपत आहे, त्याने जरूर जेवण घालावे. ज्याला नाही, त्याला गावाच्या ठरावाची ढाल मिळते. गावाने ठरवले आहे, असे म्हणता आले की मुलाची मान खाली जात नाही. मला २०१४ साली तेवढेच हवे होते.

पहिल्या दिवसाच्या रोख पैशाचे काय, हा प्रश्न उरतो. मुंबईच्या गिरणगावात घाटावरच्या आणि कोकणातल्या कामगारांची गावकीची मंडळे होती. महिन्याची वर्गणी, गावकऱ्यांनी मिळून घेतलेली खोली आणि कोणी गेले तर मंडळाची मदत. इथिओपियात इद्दिर नावाच्या शेजाऱ्यांच्या मंडळ्या आजही हेच करतात: दरमहा थोडी वर्गणी, सामाईक तंबू, बाके, भांडी आणि मृत्यूच्या दिवशी घरपोच रक्कम. आपल्याकडे भिशी घराघरांत आहे, महिला बचत गट आहेत. गटांनी मंडप आणि भांडी एकदा घेऊन ठेवली, तर ती प्रत्येक मर्तिकाला भाड्याने आणावी लागणार नाहीत. दरमहा वीस-वीस रुपये वेगळे ठेवणारी शंभर घरे असतील, तर वर्षाला चोवीस हजार जमतात. रक्कम लहान आहे, पण सकाळी नऊ वाजता ती हातात असते.

शिक्षक मित्रांकडे माझे एक मागणे आहे. वर्गातले मूल तीन दिवस आले नाही, की काय झाले ते तुम्हांला आमच्या आधी कळते. त्या घरी भेटायला जाल, तेव्हा बरोबर अर्ज घेऊन जा आणि तो तेथेच भरून द्या. दुःखात असलेल्या बाईला तीन महिन्यांची मुदत लक्षात राहत नाही.

दाखला कोठे मिळतो, कोणत्या योजनेसाठी कोणाकडे आणि किती दिवसांत जायचे, हे एका पानावर मराठीत आणि हिंदीत लिहून मी आणले आहे. प्रती मागच्या टेबलावर आहेत. खोल्यांच्या चाळींजवळ लावण्यासाठी प्रत्येक गावाने पाच-पाच न्याव्यात. ओडिया भाषेत तो मजकूर करून देईल असा कोणी आपल्या ओळखीत असेल, तर जाताना मला अवश्य सांगावे.